चालत्या गाडीत इंजिन एकदम बंद पडतं; पंप उतरवू का?

प्रश्न : नमस्कार. आम्ही कडोलीचे. घरची आणि शेजारपाजारची भाजी धाकटा भाऊ पिकअपमधून गोव्याला नेतो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करून म्हापशाला. गाडी 2011 सालची, डिझेल, गोल डोक्याचा पंप. आम्ही तिसरे मालक. पाऊस लागल्यापासून चालत्या गाडीत इंजिन एकदम बंद पडतंय. झटके नाहीत, धूर नाही, काही नाही. जरा वेळ थांबलं की पहिल्या सेलला चालू होते. कधी आठवडाभर काही होत नाही, कधी एकाच फेरीत पुन्हा पुन्हा. बॅटरी नवी घातली, डिझेल फिल्टर बदलला, फीड पंप बदलला. आता मेस्त्री म्हणतोय मेन पंप उतरवून करून घ्या. खर्च मोठा आहे. आई म्हणते गाडी विकून टाका, घाटात एक दिवस काहीतरी होईल. काय करावं सांगा की. – एक वाचक, कडोली

उत्तर : दादा, पंप उतरवू नका. आणि आईचं म्हणणं मनावर घ्या. गाडी विकायचं नव्हे, घाटाचं. दोष सापडेपर्यंत भरलेली गाडी चोर्ल्यात घालू नका. चार दिवस दुसऱ्याच्या गाडीतून माल पाठवा, भाडं जाईल ते जाऊ दे.

हे आधी सांगण्याचं कारण म्हणजे इंजिन बंद पडलं की ब्रेकही तुमच्या हातातून जायला लागतो. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप इंजिनावर चालतो, बहुतेक गाड्यांत तो बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्याच पाठीवर असतो. इंजिन थांबलं की बूस्टरमध्ये, म्हणजे पेडलला जोर देणाऱ्या डब्यात, उरलेला व्हॅक्यूम दोन-तीन पेडल पुरतो, पुढे पेडल दगड होतं. म्हणून भावाला सांगून ठेवा : इंजिन बंद पडलं तर पेडल पुन्हा पुन्हा मारायचं नाही, एकदाच दाबून धरायचं. गाडी न्यूट्रल करायची नाही, गिअरमध्येच ठेवायची, कारण डिझेल बंद झालं तरी इंजिनाचा दाब गाडीला अडवतो. चावी बाहेर काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. गाडी थांबल्यावर हँडब्रेक, चढणीला तोंड असेल तर पहिला गिअर, उताराला तोंड असेल तर रिव्हर्स, आणि चाकाला दगड. हा दगड क्लीनरच्या बाजूला केबिनमध्येच असू द्या. पावसात काळोखात तो शोधत बसायची वेळ येऊ नये.

आता तुमच्या गाडीकडे येतो. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे, ‘झटके नाहीत, धूर नाही, काही नाही.’ पंप झिजला असेल तर तो वेगळ्या तऱ्हेने सांगतो. गरम इंजिन चालू व्हायला रडतं, चढणीला ओढ नसते, धूर वाढतो, आणि हे दिवसेंदिवस वाढत जातं. डिझेल कमी पडत असेल, लाईन हवा घेत असेल, टाकीच्या तळाचा गाळ नळीच्या तोंडाशी येत असेल, तर इंजिन आधी दम सोडतं, दोन-चार हिसके देतं, मग थांबतं; आणि परत चालू करताना बऱ्याचदा हातपंप मारून हवा काढावी लागते. तुमचं इंजिन एका क्षणात मरतं आणि पहिल्या सेलला उठतं. याचा अर्थ डिझेल पंपापर्यंत येऊन उभं आहे, हवा नाही, इंजिनात डिझेल फवारणारे नोझलही ठीक. मधेच कुठेतरी वीज तुटते.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, मग वीज कशाला, असं पुष्कळ लोक विचारतात. मेस्त्रीही इथेच चुकतात. यांत्रिक पंपाचं जुनं डिझेल एकदा चालू झालं की त्याला खरोखर जवळजवळ काहीच वीज लागत नाही. फक्त एका जागी लागते. गोल डोक्याच्या पंपाच्या, म्हणजे रोटरी पंपाच्या, ज्या डोक्यातून चार नोझलचे चार पाईप निघतात, तिथेच वरच्या अंगाला अंगठ्याएवढा एक सोलेनॉइड बसवलेला असतो. त्याच्यावर एकच वायर येते, छोट्या नटाने कसलेली, वर रबराची टोपी. पाटाच्या पाण्याला लाकडी दार असतं ना, तसं हे डिझेलचं दार. चावी फिरवली की बारा व्होल्ट मिळतात, आतला पिन वर ओढला जातो आणि डिझेल वाहतं. वीज गेली की स्प्रिंग पिनला खाली ढकलते, डिझेल बंद, इंजिन बंद. तुम्ही रोज चावीने गाडी बंद करता तेव्हा हेच होतं. तुमच्या गाडीत तेच काम चावी न फिरवता होतंय.

हा सोलेनॉइड फार करंट घेत नाही, अँपिअर-दीड अँपिअरच्या घरात. पण तो सतत लागतो. वायर पापणी लवेपर्यंत सुटली तरी पिन पडतो. हेडलाईट अशा वेळी नुसता लुकलुकतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. इंजिनाचं डिझेल मात्र त्याच क्षणी तुटतं.

म्हणूनच नव्या बॅटरीने काही झालं नाही. बॅटरी खरंच उतरत असती, अल्टरनेटर चार्ज करत नसता, तर आधी हेडलाईट पिवळे पडले असते, वायपर संथ झाला असता, आणि बंद पडल्यावर पहिल्या सेलला गाडी उठली नसती. बॅटरीचा विचार सोडण्याआधी एवढंच बघा : रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीच्या दोन टोकांवर 12.4 ते 12.7 व्होल्ट, आणि इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4. एवढं मिळालं की बॅटरी आणि अल्टरनेटर यांचं नाव विसरायचं. मल्टिमीटर काही शेकड्यांत मिळतो. ज्या घरात गाडीवर पोट आहे त्या घरात तो असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पुढची खूण भाऊच देऊ शकतो, दुसरं कोणी नाही. इंजिन बंद पडलं त्या क्षणी डॅशबोर्डवर काय चालू होतं? चावी ऑन असून इंजिन थांबलेलं असेल, तर बॅटरीचा आणि ऑईलचा असे दोन लाल दिवे लागायलाच हवेत. पण यात एक फसगत आहे. गाडी गिअरमध्ये पळत असताना इंजिन नुसतं चाकांच्या ओढीने फिरत राहतं, ऑईलचा दाब राहतो, अल्टरनेटर फिरतो, म्हणून दिवे लगेच लागत नाहीत. सपाट रस्त्यावर, मागेपुढे गाडी नाही असं बघून, क्लच दाबायचा. इंजिन थांबेल आणि मग दिवे लागतात की नाही ते बघायचं. ही तपासणी घाटात करायची नाही.

क्लच दाबल्यावर लाल दिवे लागले, तर चावीच्या स्विचमधून वीज येते आहे; तुटलं ते स्विचच्या पुढे, सोलेनॉइडकडे जाणाऱ्या फाट्यावर. दिवे लागलेच नाहीत, काटे पडले, सगळा डॅशबोर्ड अंधारला, तर दोष स्विचमध्ये किंवा स्विचकडे येणाऱ्या मेन लाईनमध्ये. आणि हेडलाईटही गेले असतील, तर बॅटरीचे टर्मिनल, मेन फ्यूज आणि अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची बॉडी-इंजिनाशी जोडणी) यांच्याकडे जायचं. एका क्लच दाबण्याने निम्मी गाडी तपासून होते.

बाकीच्या निम्म्यासाठी बल्ब लावा. हा उपाय मी कुणालाही पहिला सांगतो, कारण कधीतरीच येणारा दोष गॅरेजमध्ये कधीच सापडत नाही. गाडी गॅरेजात गेली की शहाण्यासारखी चालते, मेस्त्री अंदाजाने पार्ट बदलतो, आणि बिल तुमच्या नावावर चढत जातं. दोष रस्त्यावर येतो, तर पहारेकरीही रस्त्यावरच हवा.

मागच्या पार्किंगच्या दिव्याला असतात तसले 5 वॉटचे दोन बल्ब होल्डरसकट घ्या, आणि लांब वायर. पहिल्या बल्बची एक वायर सोलेनॉइडच्या नटाखाली, असलेल्या वायरीच्या जोडीला, कसायची. दुसऱ्या बल्बची एक वायर डॅशखालच्या फ्यूजबॉक्सला, सोलेनॉइडच्या लाईनचा जो फ्यूज आहे त्याच्या बाहेर पडणाऱ्या बाजूला. दोन्ही वायरींत सुरुवातीलाच 3 अँपिअरचा फ्यूज घाला, म्हणजे वायर कुठे घासून बॉडीला लागली तर तुमची चाचणीच गाडी बंद पाडणार नाही. दोन्ही बल्बच्या उरलेल्या वायरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर न्या. केबिनच्या पत्र्यावर अर्थ देऊ नका. पत्र्याची अर्थिंगच खराब असेल तर बल्ब खोटं बोलेल. बोनेटच्या कडेने वायर आत घेताना ती पंख्यापासून, बेल्टपासून आणि सायलेन्सरच्या नळीपासून लांब बांधा. दोन्ही बल्ब डॅशवर टेपने चिकटवा, एकावर ‘पंप’, एकावर ‘फ्यूज’ असं लिहा, आणि रात्री डोळ्यांवर येऊ नये म्हणून वर कागदाची टोपी.

चावी ऑन केली की दोन्ही पेटतील. मग गाडी भरा आणि काकतीहून हायवेला लागून संकेश्वरच्या बाजूला न्या. रिकामी नको, भरलेलीच, कारण चासी पिळली जाते, केबिन हलते, तेव्हाच सुटायचं ते सुटतं. थोडा भाग खड्ड्यांच्या रस्त्यानेही घ्या. आपल्याकडे त्यासाठी लांब जावं लागत नाही. शेजारी कोणीतरी बसवा. त्याचं काम फक्त बल्बकडे बघायचं, भावाचं काम रस्त्याकडे.

इंजिन बंद पडताना दोन्ही बल्ब विझले, तर फ्यूजच्या अलीकडे, म्हणजे चावीचा स्विच किंवा मेन लाईन. फ्यूजचा बल्ब पेटलेला आणि पंपाचा विझला, तर फ्यूज ते सोलेनॉइड एवढ्या वायरीत दोष. हा तुकडा लांबीला काही फार नाही, हाताने चाचपता येतो. दोन्ही पेटलेले आणि इंजिन मात्र थांबलं, तर वीज सोलेनॉइडपर्यंत येते आहे. मग सोलेनॉइड स्वतः, इंजिनाची अर्थिंग, किंवा डिझेल. बल्ब मंद झाला तर तेही लिहून ठेवा. मंद बल्ब म्हणजे वीज येते, पण वाटेत कुठेतरी गंज ती खातोय.

आता जागा. तुम्ही लक्षणं सांगितलीत त्यावरून मी ज्या क्रमाने हात घालीन त्या क्रमाने सांगतो.

पहिला तो सोलेनॉइडचा नट आणि त्याखालचं थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी. रबराची टोपी काढा. बहुतेक वेळा खाली डिझेल आणि धुळीचा काळा लगदा असतो. तो पुसा आणि थिंबल बोटाने हलवा. जागच्या जागी फिरत असेल तर नट सैल आहे. फार जोर लावून कसू नका, तो खिळा बारीक असतो आणि तुटला तर सोलेनॉइड गेला. मग थिंबलपासून चार बोटं मागे वायर धरा आणि हळू ताणा. चांगली वायर ताणत नाही. आतली तांब्याची तार तुटलेली असेल तर वरचं प्लास्टिक तेवढंच लांबतं आणि हाताला ते कळतं. वरून वायर नवी दिसते, आत दोन-तीन तारा उरलेल्या असतात. इंजिन थंड असताना त्या एकमेकींना टेकतात, गरम झालं, हादरलं की सुटतात. थांबल्यावर हादरा गेला, की पुन्हा टेकतात आणि पहिल्या सेलला गाडी उठते. तुमच्या पत्रातली सगळी लक्षणं या एका इंचात बसू शकतात. इथे वायर पिळून टेप लावू नका. तुटका भाग कापून टाका, नवं थिंबल दाबून बसवा, आणि वायरीला थोडी ढील ठेवा. इंजिन हलतं, चासी हलत नाही, ताणलेली वायर पुन्हा तुटेल.

दुसरा चावीचा स्विच. जुन्या गाड्यांत बराच करंट या स्विचमधून जातो आणि मग त्याला हॉर्न, टेप, आतले दिवे, मोबाईलचं चार्जर असं काय काय जोडलेलं असतं. आतले कॉन्टॅक्ट जळून काळे पडतात, तापले की सुटतात, निवले की जुळतात. इंजिन न्यूट्रलला चालू ठेवून चावी जागेवरच हळू मागेपुढे, खालीवर हलवा. इंजिन थांबलं किंवा लाल दिवा लुकलुकला तर चोर सापडला. चाव्यांच्या जुडग्यात घराच्या, गोदामाच्या, मोटरसायकलच्या चाव्या असतील तर त्या आजच वेगळ्या करा. ते वजन खड्ड्यागणिक स्विचला हिसका देतं. कापडात हात घालून स्विचच्या मागचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड, चाचपा. गरम लागला, प्लास्टिक पिवळं किंवा वितळलेलं दिसलं, तर स्विच आणि कपलर दोन्ही बदला. नुसता स्विच बदलून जळका कपलर ठेवला तर नवा स्विचही जळतो.

तिसरी गोष्ट तुम्ही तिसरे मालक आहात म्हणून. आधीच्या कुणी गाडी कर्जाने घेतली असेल तर त्या वेळी जीपीएस ट्रॅकर बसवलेला असू शकतो, आणि त्यातल्या काहींना इंजिन बंद करायचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, असतो. तो रिले नेमका याच लाईनमध्ये घालतात. कर्ज फिटतं, ट्रॅकरचं सिम बंद पडतं, रिले मात्र डॅशखाली काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला तसाच राहतो आणि कधीतरी दगा देतो. चोरी होऊ नये म्हणून लावलेला छुपा स्विच असेल तर त्याचंही तेच. डॅशखाली डोकं घालून टॉर्चने बघा. कंपनीच्या वायरिंगला वर टेप एकसारखी असते, नंतर केलेलं काम लगेच ओळखू येतं. सापडलं आणि गाडीवर आता कुणाचं कर्ज नसेल, तर ते काढून मूळ वायर नीट जोडून घ्या. तुमचंच कर्ज चालू असेल तर ज्यांचं कर्ज आहे त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

पाऊस लागल्यापासून सुरू झालं म्हणता, तर फ्यूजबॉक्सही बघाच. पुढच्या काचेचं रबर जुनं झालं की पाणी आतून उतरतं आणि फ्यूजबॉक्सवर येतं. कणकुंबीकडचा पाऊस किती असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. फ्यूज काढून त्याच्या पायांवर हिरवा थर आहे का बघा. असेल तर खाचाही तशाच असणार. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, फ्यूज नवा घाला, जेवढ्या अँपिअरचा आहे तेवढाच. तिथे फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद घातलेला दिसला तर तो आजच काढा. तिथे फ्यूज का उडत होता हे आधीच्या माणसाने शोधलं नाही, एवढंच त्याचा अर्थ. बोनेटमधले कपलरही बघा. वायर कपलरमध्ये शिरण्याआधी खाली झोळ घेऊन वर चढलेली हवी, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातून गळून जातं. थेट वरून उतरत असेल तर टाय मारून झोळ द्या. खंडेनवमीच्या आधी आपल्याकडे सगळ्यांच्याच गाड्या सर्व्हिसिंगला जातात, बोनेट उघडून प्रेशरचं पाणी मारतात, आणि पूजा झाल्यावर आठवडाभर बंद पडलेल्या गाड्यांची रांग लागते. इंजिनावर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसलेली गाडीही पूजेला चालते.

अर्थिंगला लोक शेवटी हात लावतात. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला एक पट्टी आणि इंजिनापासून चासीला एक. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून एक टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा आणि भावाला सेल मारायला सांगा. 0.5 व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर पट्टी किंवा तिचा बोल्ट खराब. बोल्ट खोला, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत करा, घट्ट कसा, वरून ग्रीस. सेल मारल्यावर क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम लागत असेल, तर करंटला इंजिनाची अर्थिंग मिळत नाही आणि तो केबलमधून वाट काढतोय हे पक्कं.

सगळी वायर ठीक निघाली, बल्ब पेटलेला असताना इंजिन थांबलं, तर सोलेनॉइड. चावी ऑन-ऑफ करताना त्यातून स्पष्ट ‘टक’ असा आवाज यायला हवा. थंड असताना येतो आणि इंजिन तापून बंद पडल्यावर येत नाही, असं झालं तर आतली कॉईल गरम होऊन तुटते आहे. थांबल्यावर निवते आणि पुन्हा जुळते. हा पार्ट पंप न उतरवता, जागेवरच पाना लावून बदलता येतो. बदलण्याआधी आजूबाजूची घाण डिझेलने धुऊन काढा, कारण खाली उघडतं ते थेट पंपाचं पोट, तिथे वाळूचा कण गेला तर मग खरंच पंप उतरवावा लागेल. आतला पिन आणि स्प्रिंग पडून हरवू देऊ नका. आणि घेताना अंगावर 12 व्होल्ट छापलंय का बघा. मोठ्या ट्रकचा 24 व्होल्टचा सोलेनॉइड दिसायला तसाच असतो. तो बारा व्होल्टवर पिन नीट ओढत नाही, आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पानावर.

रस्त्यावरचे दोन इलाज तुम्हाला कोणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. एक, बॅटरीपासून थेट सोलेनॉइडला वायर. गाडी अडकली असेल आणि घरापर्यंत आणायची असेल, तर फ्यूज घालून हे चालेल; आणि ही वायर लावल्यावर गाडी बंद पडली नाही, तर दोष चावी ते पंप एवढ्यातच आहे हेही त्यातून कळतं. पण मग गाडी चावीने बंद होत नाही, वायरच काढावी लागते. तसंच कायम ठेवू नका. बिनफ्यूजची वायर घासली तर आग लागते. दुसरा इलाज, सोलेनॉइडचा पिनच काढून टाकायचा, म्हणजे दार कायम उघडं. हा करू देऊ नका. अपघात झाला, डिझेलची नळी फुटली, इंजिन रेसवर अडकलं, अशा वेळी चावीने इंजिन बंद करायचा मार्गच राहत नाही.

याच तक्रारीने नव्या गाडीवाल्यांचीही पत्रं येतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. 1 एप्रिल 2017 पासून देशभर बीएस-4 हा धुराचा नियम आला, त्यानंतरच्या बहुतेक डिझेल पिकअप कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या, आहेत. तिथे हा सोलेनॉइडचा हिशोब लागू नाही. इंजिन तापल्यावर एकदम बंद पडणं, गाडी अजून गिअरमध्ये फिरत असताना आरपीएमचा काटा शून्यावर पडणं, आणि निवल्यावर चालू होणं, ही क्रँक सेन्सरची (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा) किंवा त्याच्या वायरीची ओळखीची खूण आहे. ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, मेन रिलेही बघावा. बॅटरी सोडवण्याआधी स्कॅनर लावून कोड वाचून घ्या, काही गाड्यांत बॅटरी काढली की कोड पुसले जातात. आणि त्या इंजिनाचे डिझेलचे पाईप चालू इंजिनावर सैल करायचे नाहीत. आत दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, तो हात फाडतो.

तुमच्या गाडीबद्दल आणखी एक. काम बेळगावच्या ऑटो नगरात न्या किंवा गावातल्या मेस्त्रीकडे, पण पंपवाल्याकडे नको, वायरिंगवाल्याकडे न्या. आणि ‘गाडी बंद पडते, बघा’ एवढंच सांगून गाडी सोडून येऊ नका. ‘पंपाचा बल्ब विझला, फ्यूजचा पेटलेला होता’ असं सांगा. असं सांगणाऱ्या गिऱ्हाईकाला कुणी उगाच पार्ट विकत नाही. जुना काढलेला पार्ट परत मागून घ्या.

विकायचं असेल तर तो तुमचा घरचा निर्णय. पण जिचा पंप, नोझल आणि इंजिन पहिल्या सेलला उठण्याइतकं चांगलं आहे, ती गाडी एका थिंबलपायी मातीमोल भावात घालवू नका. आधी बल्ब लावा. पुन्हा पत्र पाठवाल तेव्हा कुठला बल्ब विझला, क्लच दाबल्यावर लाल दिवे लागले का, इंजिन किती तापलं होतं आणि बाहेर पाऊस होता का, एवढं लिहा. सोबत पंपाच्या डोक्याचा आणि डॅशखालच्या वायरिंगचा फोटो असेल तर पुढचं नेमकं सांगता येईल.